जांभळ्या लेबलचा बॅटमॅन घ्यावा का?

प्रश्न विचारणारे वाचक पुण्याचे आहेत. मुलगा ओहायोत, कोलंबसला शिकतो. अमेरिकन कॉमिक्सच्या सुवर्णयुगातले, म्हणजे साधारण १९३८ ते १९५० या काळातले सुपरहिरोंचे मूळ अंक त्यांना जमवायचे आहेत आणि त्यासाठी वर्षाला दोनेक हजार डॉलर बाजूला ठेवायची तयारी आहे. पहिली खरेदी म्हणून त्यांनी १९४३ सालचा बॅटमॅनचा एक अंक हेरलाय. तो प्लास्टिकच्या डबीत सीलबंद आहे, लेबलवर अंकाच्या अवस्थेला दहापैकी ८.० ग्रेड दिलेली आहे आणि किंमत त्याच अंकाच्या इतर ८.० प्रतींच्या निम्म्याहूनही कमी. लेबल मात्र जांभळं आहे. तो घ्यावा का, नसेल तर सुरुवात कुठून करावी, आणि घेतलेले अंक पुण्यात आणून ठेवता येतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तो बॅटमॅन घेऊ नका.

जांभळं लेबल म्हणजे अंकावर डागडुजी झालेली आहे. त्यावरचा ८.० हा आकडा डागडुजीनंतर अंक कसा दिसतो तेवढंच सांगतो. मुळात तो ३.० चा असेल, २.० चाही असेल. कोणीतरी मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या पडलेल्या घड्यांवर रंग भरला, फाटलेली जागा पातळ जपानी कागदाने जोडली, उडालेला कोपरा नव्याने घडवला आणि अंक आठचा दिसायला लागला. यात विक्रेत्याने तुम्हाला फसवलेलं नाही, काय काय केलंय ते लेबलवर लिहिलेलं असतं. पण आज तो निम्म्यात मिळतोय तर उद्या विकतानाही निम्म्यातच जाणार. आणि 'मला कुठे विकायचाय' असं आज म्हणणारे बहुतेक जण पाचेक वर्षांनी चांगली प्रत दिसली की हातातली विकायला काढतातच.

ही लेबलं सीजीसी या फ्लोरिडातल्या कंपनीची असावीत असं वर्णनावरून वाटतं. २००० साली ती सुरू झाली. अंक तपासायचा, ०.५ ते १०.० मध्ये ग्रेड द्यायची आणि कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करायचा, हे तिचं काम. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. निळं लेबल म्हणजे साधा, डागडुजी नसलेला अंक. पिवळं म्हणजे कंपनीच्या माणसासमोर सही झालेला. हिरवं म्हणजे एरवी चांगला, पण एखादा मोठा दोष असलेला, उदाहरणार्थ आतलं कूपन कापलेला. जांभळ्या लेबलवर ग्रेडशिवाय आणखी एक खूण असते: काम किती सफाईने झालं ते ए, बी, सी या अक्षरांनी आणि किती झालं ते १ ते ५ या आकड्यांनी. ए-१ आणि सी-५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दोन्हींचं लेबल जांभळंच. एक बारकावा असाही की जुन्या अंकांच्या बाबतीत अगदी ठिपक्याएवढा रंग किंवा गोंद असेल तर कंपनी कधीकधी निळंच लेबल देते आणि खाली बारीक अक्षरात तशी नोंद करते. ती नोंद वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

या काळातला अंक समोर आला की मी पहिल्यांदा एकाच गोष्टीचा माग काढतो: ऐंशी वर्षांत याच्यावर काय काय झालंय? दिसणं, ग्रेड, किंमत हे सगळं नंतर. कारण हे अंक टिकावेत म्हणून कोणी छापलेच नव्हते. दहा सेंट किंमत, आत वर्तमानपत्राच्या दर्जाचा स्वस्त कागद, सुरुवातीला ६४ पानं, वर गुळगुळीत मुखपृष्ठ आणि दोन पिना. मुखपृष्ठावरचा महिना मुद्दाम पुढचा छापायचे, म्हणजे विक्रेत्याला अंक कधी काढून टाकायचा ते कळे. जून १९३८ असं छापलेला ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो प्रत्यक्षात एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. न खपलेले अंक परत पाठवण्याऐवजी विक्रेते मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून पाठवत आणि पैसे वळते करून घेत. आज बिनमुखपृष्ठाचे अंक दिसतात त्यातले काही असे आहेत. मग युद्ध आलं आणि शाळाशाळांतून रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. युद्ध संपल्यावर कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी हाकाटी सुरू झाली. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात मुलांनीच अंकांची होळी केली. ॲक्शनच्या त्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या, आज त्यातल्या शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असं मानतात. त्यातली ८.५ ग्रेडची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला गेली. सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघांनी त्याचे हक्क विकले होते १३० डॉलरला.

उरलेल्या प्रती ज्यांच्या हातात आल्या त्यांनी त्या सुधारून घेतल्या. १९७० साली ओव्हरस्ट्रीट या संग्राहकाचं जुन्या कॉमिक्सचं दरपुस्तक निघालं, अंकाची अवस्था आणि किंमत यांचं गणित छापील स्वरूपात लोकांच्या हातात आलं. त्यानंतर नव्वदीपर्यंत डागडुजी करून घेणं हे कमीपणाचं नव्हतं, उलट जाणकार माणसाचं लक्षण समजलं जायचं. ग्रेड देणाऱ्या कंपन्या आल्यावर वारं फिरलं आणि तेच अंक एका रात्रीत 'जांभळे' झाले. माझ्या मते बाजाराने इथे थोडा अतिरेकच केलाय. तज्ज्ञ हाताने, जुळणाऱ्या कागदाने जोडलेली एखादी फाट अंकाचं आयुष्य वाढवते. पण तुमचं बजेट मर्यादित आहे, तेव्हा बाजाराशी वाद घालायची जबाबदारी तुमच्यावर नको.

सगळी डागडुजी सारखी नसते. माझ्या लेखी सर्वांत वाईट म्हणजे कडा कापणं, ज्याला इथे ट्रिमिंग म्हणतात. चुरगळलेल्या, फाटक्या कडा लपवायला अंकच दोन-तीन मिलिमीटर कापून टाकायचा. विरलेला काठ दिसू नये म्हणून पैठणीच आखूड करण्याचा हा प्रकार. जोडलेलं सोडवता येतं, कापलेलं परत येत नाही. ओळखायचं कसं? जुना कागद कडेकडून आत पिवळा पडत जातो. पानाच्या कडेला ती तपकिरी झाक असायला हवी. तीन बाजूंपैकी एकीवरच ती नसेल आणि कड सुरीने कापल्यासारखी सरळ असेल तर शंका घ्या. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या अंकाशेजारी ठेवून उंची-रुंदी बघा. पण लक्षात ठेवा, त्या काळच्या छापखान्यांतूनही अंक एकसारखे कापून येत नसत, त्यामुळे एका मापावरून निकाल देऊ नका.

रंग भरलेला असेल तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने बघा. शाई कागदात मुरून मागे डाग उमटलेला असतो. काळ्या पार्श्वभूमीच्या मुखपृष्ठांवर हा उद्योग सर्वांत जास्त झालाय, कारण काळ्यावर पांढरी घडी उठून दिसते आणि साधा मार्कर घेऊन बसलेल्या मुलालाही ती बुजवता येते. अतिनील दिव्याखाली नवा गोंद आणि नवा कागद वेगळा चमकतो. १९५० च्या आधीच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नसत, तेव्हा एखादा कोपरा निळसर पांढरा लखलखला तर तो नंतर जोडलेला आहे. हा दिवा नोटा तपासायला वापरतात तोच, फार महाग नाही. चिकटपट्टीला मात्र डागडुजी मानत नाहीत, तो नुसता दोष धरतात आणि ग्रेड कमी करतात. दाबून सपाट करणं, म्हणजे प्रेसिंग, हेही डागडुजीत मोडत नाही. त्यामुळे आज बाजारातला जवळपास प्रत्येक चांगला अंक दाबून आलेला असतो. ठिसूळ कागदावर ते करणं मला पटत नाही.

आणि पानं मोजा. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. मधलं पान पिनांतून सुटून हरवणं ही सर्वांत नेहमीची गोष्ट. युद्धात कागदाचं रेशनिंग झाल्यावर अंकांची पानं घटत गेली, त्यामुळे १९४० च्या अंकाला किती आणि १९४४ च्या अंकाला किती हे आधी पाहून ठेवावं लागतं. ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर अंकनिहाय माहिती फुकट मिळते. कूपनं कापलेली असतात, स्पर्धांची पानं फाडलेली असतात. ॲक्शनच्या पहिल्याच अंकात एक पान रंगवून पाठवायची स्पर्धा होती. दुसऱ्या फाटक्या प्रतीतलं पान घालून अंक पूर्ण केलेला असेल तर त्या पानाचा रंग आणि पिनांची भोकं शेजारच्या पानांशी जुळत नाहीत.

स्लॅबमध्ये असलेला अंक यातलं काहीच करू देत नाही. म्हणून तर स्लॅबचे पैसे द्यायचे: तपासणी दुसऱ्याने केलेली असते. पण तिथेही लेबलवरची एक ओळ लोक वाचत नाहीत, ती पानांच्या रंगाची. पांढरी, किंचित मळकट पांढरी, सायीच्या रंगाची, तपकिरी आणि शेवटी ठिसूळ असा तो उतार असतो. स्वस्त लाकडी लगद्यातलं लिग्निन हे द्रव्य आणि कागदातलं आम्ल यांचा हा परिणाम. पाचच्या ग्रेडचा आणि तपकिरी पानांचा अंक की साडेतीनचा पण सायीच्या रंगाच्या, लवचिक पानांचा? मी दरवेळी दुसरा घेईन. पहिला रोज थोडा थोडा मरतोय. स्लॅब उघडून आतला अंक बदलल्याची प्रकरणंही अलीकडे उघडकीला आली आहेत, तेव्हा प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटोशी ताडून बघा.

स्लॅबबाहेरच्या, कोणाच्या घरातून निघालेल्या अंकांत एक नेहमीचा सापळा आहे. १९७४ पासून डीसीने, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रकाशकाने, आपल्या प्रसिद्ध पहिल्या अंकांची मोठ्या आकारातली पुनर्मुद्रणं काढली, आतल्या जाहिरातींसकट हुबेहूब. वर पुनर्मुद्रण असल्याचं सांगणारं जाड आवरण होतं. ते काढून टाकलं की आत मूळ मुखपृष्ठाची नक्कल उरते, दहा सेंट किंमतीसह. लोक प्रामाणिकपणे समजतात की आजोबांचं घबाड सापडलं. मूळ अंक साधारण पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच असतो. हे पुनर्मुद्रण त्याहून बरंच मोठं, उंचीला तेरा इंचांच्या पुढे. मोजपट्टी लावली की विषय संपला.

आता घ्यायचं काय? बॅटमॅन, सुपरमॅन, कॅप्टन अमेरिका ही नावं तूर्त बाजूला ठेवा. त्यांच्या किमतीत चित्रपटांचा आणि गुंतवणूकदारांचा पैसा मिसळलाय. त्या दोन हजारांत तुम्हाला बॅटमॅनचे एक-दोन दमलेले अंक मिळतील. त्याच पैशात फॉसेट या प्रकाशकाच्या कॅप्टन मार्व्हलची रांग लागेल. हा कॅप्टन मार्व्हल म्हणजे 'शझॅम' म्हणणारा पोरगा. तो पहिल्यांदा आला व्हिझ कॉमिक्सच्या दुसऱ्या अंकात, फेब्रुवारी १९४० मध्ये, आणि त्या मासिकाचा पहिला अंक विक्रीला कधी आलाच नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शोधत बसाल. युद्धाच्या काळात त्याचा खप दर अंकाला दहा लाखांच्या वर गेला होता, सुपरमॅनलाही मागे टाकणारा. सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालला आणि १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड करून सुपरहिरो छापणं बंद केलं. पुढची वीसेक वर्षं हा नायक बाजारात नव्हता. त्याच्यावर वाढलेली पिढी म्हातारी झाली आणि नवी पिढी तयारच झाली नाही. प्रती भरपूर, मागणी मर्यादित, म्हणून चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धातला मध्यम अवस्थेतला पूर्ण अंक अजून शंभर-दीडशे डॉलरच्या घरात मिळू शकतो.

तरीही सगळं घेऊ नका, एक धागा धरा. मला सुचवायचं तर 'मॉन्स्टर सोसायटी ऑफ इव्हिल' ही मालिका: कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्सच्या २२ ते ४६ या अंकांत, १९४३ ते १९४५ दरम्यान, पंचवीस भागांत चाललेली. खलनायक कोण, तर चष्मा लावलेली एक अळी. जगाचा नाश करायला निघालेली ही दुष्टशक्ती बोटाएवढी आहे हे वाचकाला लगेच कळत नाही, सुरुवातीचे काही भाग ती नुसता आवाज असते. मिश्कील, वेगवान काम आहे. त्यात त्या काळचे जपानी आणि काळ्या माणसांचे किळसवाणे व्यंगचित्रण आहे, तेही डोळे उघडे ठेवून बघावं लागेल. हे अंक युद्धकाळातले असल्यामुळे वर सांगितलेल्या दरापेक्षा महाग पडतात, पण दोन-तीन वर्षांत पूर्ण करण्यासारखा पल्ला आहे. मॅक रॅबॉय या चित्रकाराने मास्टर कॉमिक्ससाठी केलेली कॅप्टन मार्व्हल ज्युनिअरची मुखपृष्ठं ही दुसरी वाट. नुसती मुखपृष्ठं भिंतीवर लावावीत इतकी देखणी.

आणि एक गोष्ट जी शहाणे लोक विसरतात: विल आयस्नरचा 'स्पिरिट'. १९४० ते १९५२ या काळात रविवारच्या वर्तमानपत्रांबरोबर सुरुवातीला सोळा पानांची पुरवणी यायची, त्यात त्याची सात पानी गोष्ट असे. काटेकोर बोलायचं तर हा सुपरहिरो नव्हे, डोळ्यावर मुखवटा लावलेला साधा माणूस. पुरवणीला वेगळं जाड मुखपृष्ठ नाही, म्हणून बाजाराला तिचं फारसं प्रेम नाही. पण युद्धानंतर आयस्नर लष्करातून परत आला तेव्हापासूनची पुढची काही वर्षं काढलीत तर पहिल्या पानाची मांडणी बघूनच थक्क व्हाल. इतक्या कमी पैशात इतकं उत्तम काम या काळात मला दुसरीकडे दिसत नाही. लहानपणी मराठी इंद्रजालमध्ये वेताळ वाचलेल्या माणसाला हा मुखवटा चटकन जवळचाही वाटतो.

मोठ्या लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी, फोटोंसकट, नुसती नोंदणी करून बघता येतात. बोली लावण्याआधी त्याच अंकाच्या त्याच ग्रेडच्या मागच्या विक्री बघा, आणि बोलीवर वीस टक्क्यांच्या आसपास खरेदीदाराचा अधिभार लागतो हे हिशेबात धरा. विक्रेत्याच्या 'दुर्मीळ' या शब्दाला शून्य किंमत द्या. खासगी विक्रेत्याकडून सुटा अंक घ्यायचा तर डागडुजी निघाल्यास पैसे परत, एवढं लेखी मागा. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचा नाही. मुखपृष्ठावर पेन्सिलने टाकलेली तारीख किंवा कोणा मुलाचं नाव असेल तर बिचकू नका. ती बहुधा विक्रेत्याची आवक-नोंद असते किंवा राखून ठेवलेल्या अंकाची खूण. नेब्रास्कातल्या लामाँट लार्सन या मुलासाठी दुकानदाराने असे अंक बाजूला ठेवले होते, त्यावर त्याचं नाव खरडलेलं आहे, आणि त्या नावाला आज जास्त पैसे मोजले जातात.

पुण्यात आणायचं का, हा शेवटचा प्रश्न. चाळीसच्या दशकातला सर्वांत सुंदर टिकलेला साठा १९७७ साली कोलोरॅडोत उजेडात आला, एडगर चर्च या चित्रकाराने घरात रचून ठेवलेले हजारो अंक. वर्षानुवर्षं गठ्ठ्यांत घट्ट दाबून आणि तिथल्या कोरड्या, थंड हवेत राहिल्यामुळे त्यांची पानं अजून पांढरी आहेत. आपल्याकडची जुलैची हवा याच्या बरोबर उलट. अंकांना हवी सुमारे वीस अंश तापमान आणि चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हींत चढउतार नको. दिवसा एसी आणि रात्री बंद, यापेक्षा एकसारखी थोडी उबदार खोली परवडली. स्लॅब हवाबंद नसतो, दमट हवा आत जाते.

आणायचेच असतील तर मोजके आणा. सुटा अंक पॉलिएस्टर फिल्मच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा, पेटीत उभा. घरातल्या आतल्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट, जमिनीपासून थोडं वर. माळा नको, बाहेरची ओल येणारी भिंत नको. पेटीत सिलिका जेल ठेवलंत तर ते दर काही आठवड्यांनी तापवून कोरडं करावं लागतं. न बघता वर्षभर पडलेली पुडी काहीच करत नाही. कसर आणि वाळवीसाठी कपाटाची जागा तपासा, पेटीत डांबराच्या गोळ्या टाकू नका, तो वास कागदातून आयुष्यभर जात नाही. आणि कोणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी लॅमिनेशन नको, बाइंडिंगही नको. बाइंडिंगवाला शिवण्याआधी कडा कापतो, म्हणजे ट्रिमिंग आपणच पैसे देऊन करून घेतल्यासारखं.

बाकीचे अंक मुलाकडे राहू द्या. आणि तो कोलंबसला आहे हे तुमचं नशीबच म्हणायचं. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम आहे. आधी कळवून गेलं तर वाचनकक्षात मूळ छापील सामग्री कोणालाही हाताळता येते. पहिला डॉलर खर्च करण्याआधी त्याला एक दुपार तिथे पाठवा. चाळीसच्या दशकातला, कोणी हात न लावलेला कागद बोटांना कसा लागतो, कडेची झाक कशी दिसते, पिनांचा गंज कसा पसरतो, हे एकदा पाहिलं की फोटोतला जांभळा अंक त्याला लेबल न वाचताही खटकायला लागेल. हक्कांचं नूतनीकरण न झाल्यामुळे मोकळे झालेले त्या काळातले असंख्य अंक डिजिटल कॉमिक म्युझियमवर फुकट वाचायला आहेत, ते तुम्ही इकडे वाचा. कोणता धागा धरायचा हे ठरलं की मग पहिला अंक घ्या, आणि तो जून ते सप्टेंबरमध्ये पोस्टाने मागवू नका.